लॉकरमध्ये परवाना नसतोच

दिल्ली-गुरुग्राम सीमेवर पोलीस गाडी अडवतो. चालक फोनवर डिजिलॉकर उघडून पुण्याच्या आरटीओने दिलेला परवाना दाखवतो. पण तो परवाना लॉकरमध्ये ठेवलेला नसतो. तिथे असतो फक्त एक पत्ता: कागद देणाऱ्या खात्याचा संकेत, कागदाचा प्रकार सांगणारी पाच अक्षरं आणि त्या कागदाचा क्रमांक. परवान्याची पाच अक्षरं 'डीआरव्हीएलसी'. कागद मागितला की त्या खात्याच्या सर्व्हरकडे मागणी जाते. खात्याने नोंद दुरुस्त केली असेल, तर पुढच्या मागणीला दुरुस्त कागदच येतो; जुन्या प्रती शोधून बदलत बसावं लागत नाही.

डिजिलॉकर ही सेवा १ जुलै २०१५ ला दिल्लीत सुरू झाली. तिच्या तांत्रिक नियमावलीप्रमाणे ही मागणी म्हणजे एक्सएमएलमध्ये लिहिलेला छोटा अर्ज. वेळ, व्यवहार क्रमांक, कागदाचा पत्ता, सगळं टॅग नावाच्या खुणांच्या आत बसवलेलं.

अर्ज वाचणारा पार्सर मला फार विलक्षण वाटतो. तो एकेक अक्षर पुढे सरकतो. खूण उघडली की लक्षात ठेवतो, आणि सगळ्यात शेवटी उघडलेली खूण आधी बंद झालीच पाहिजे असा आग्रह धरतो. बंद करणाऱ्या खुणेतली एक तिरकी रेघ राहिली तर वाचन तिथेच संपतं. वेबपानातल्या अशा चुका ब्राउझर सांभाळून घेतो. १९९८ च्या एक्सएमएल नियमांनी मात्र अंदाज बांधायची मुभाच ठेवलेली नाही. कुणाचा परवाना मागितला आहे, हे अंदाजाने ठरवणं परवडणार कसं?

त्याहून सुंदर गोष्ट पार्सरच्या आधी घडते. अर्जाचा संपूर्ण मजकूर आणि डिजिलॉकर आणि खातं या दोघांनाच ठाऊक असलेली गुप्त किल्ली यांतून गणिताने एक ठसा काढतात आणि तो अर्जासोबत, पण मजकुराबाहेर, पाठवतात. खात्याचा सर्व्हर तोच ठसा स्वतः काढून ताडून पाहतो. इथे एक गंमत आहे. खुणेतल्या दोन नोंदींमध्ये एक मोकळी जागा सोडा की दोन, पार्सरच्या लेखी अर्ज तोच. ठसा मात्र पार बदलतो. म्हणून अर्ज जसा आला तसाच, एका अक्षरालाही हात न लावता, आधी ताडायचा आणि मगच उलगडायचा. हा क्रम उलटा केला तर खरा अर्जही खोटा ठरू शकतो.

उत्तरही एक्सएमएलमध्येच येतं, त्याच व्यवहार क्रमांकासह, आणि परवान्याची पीडीएफ त्याच्याच पोटात असते. पीडीएफच्या बाइटांमध्ये खूण उघडणारं चिन्ह कुठेही येऊ शकतं आणि पार्सर फसू शकतो. त्यावर उपाय बेस६४: दर तीन बाइटांची चार साधी अक्षरं करायची, फक्त ६४ चिन्हांच्या संचातून, ज्यात ते घातक चिन्ह नाहीच. मजकूर एक तृतीयांशाने फुगतो, पण एवढ्या मोबदल्यात कुठलीही फाइल या काटेकोर वाचकाच्या हातून सुखरूप पार होते.