अंगठ्याची किंमत किती?

बडोदे म्हटले की मराठी माणसाला सयाजीराव महाराज आठवतात. त्याच शहराच्या वायव्येस कोयली हे गाव आहे. सोव्हिएत तंत्रज्ञांच्या साहाय्याने उभारलेला तेलशुद्धीकरण कारखाना तेथे ऑक्टोबर १९६५ मध्ये सुरू झाला. वर्षाला दहा लाख टनांपासून सुरुवात होऊन त्याची क्षमता पुढे १ कोटी ३७ लाख टनांपर्यंत गेली. अशा ठिकाणी बांधकाम कधी संपत नाही. नवा पाया, नवी टाकी, नवी नळवाट हे चालूच असते. तेथे राबणारे गवंडी, सुतार, सळया वाकवणारे, फिटर आणि वेल्डर यांचे भांडवल मात्र एकच असते, ते म्हणजे त्यांचे दोन हात.

हाताच्या पंजात २७ हाडे असतात. बोटे हलवणारे स्नायू बोटांत नसून तळहातात व कोपराखालच्या भागात असतात. तेथून दोरीसारख्या कंडरा बोटांपर्यंत येतात. म्हणून बोटावरचा वरवर किरकोळ दिसणारा काप आतली कंडरा किंवा मज्जातंतू तोडून गेलेला असू शकतो. कातडी शिवली, पण बोट वाकेना, असे होते ते यामुळेच.

इजा होण्याची कारणे नेहमीचीच आहेत. ग्राइंडरचे चाक फुटते, नळाच्या दोन तोंडांमध्ये किंवा टांगलेल्या ओझ्याखाली बोट चेंगरते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते लगेच झोंबत नाही, पण हळूहळू कातडी जाळते. सर्वांत फसवी इजा उच्च दाबाच्या रंगाची वा तेलाची. बोटावर सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, आतले मांस मात्र मरू लागते. अशा वेळी त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जावे लागते. हातमोजे उपयोगी खरे, पण फिरत्या ड्रिलजवळ तेच अडकून हात आत ओढतात. म्हणजे ज्या कामाला जे साधन योग्य, तेच हवे.

बोट तुटलेच तर? कोयलीचा कारखाना सुरू झाला त्याच १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु व तामाई या डॉक्टरांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून परत जोडला. आज भारतातही ही शस्त्रक्रिया होते. त्यासाठी तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लावला तर पेशी गोठून मरतात. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे, हात उंच ठेवावा. हळद, चहापूड, डिझेल असले काही लावू नये.

आता किमतीकडे वळू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेतील घट ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि दोन्ही हात गेल्यास १०० टक्के धरली होती. पुढे हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला. पण तर्जनी गेलेला कारकून आणि तर्जनी गेलेला गवंडी यांचे नुकसान सारखे असते काय? डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा दावा होता. काम करताना पडून त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, ही अंशतः हानी. न्यायालयाने मात्र एका हाताने सुतारकाम होत नाही, हे ओळखून त्याचे अपंगत्व पूर्णच मानले. मोजमाप अवयवाचे नव्हे, तर त्या अवयवावर चालणाऱ्या धंद्याचे करावे, हा या निकालाचा अर्थ.

परंतु दावा टिकण्यास पुरावा लागतो. अपघाताची लेखी नोंद, डॉक्टरांचा दाखला, मजुरीचा कागद यांवाचून ठेकेदाराकडचा परप्रांतीय मजूर हात बांधून गावी परततो. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी राज्याराज्यांत कल्याणकारी मंडळे आली. वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला तेथे नोंदणी करता येते. हा अर्ज भरणे त्याला जड जाते, आपल्याला मुळीच नाही. आपल्या गल्लीत घर बांधले जात असेल तर तेथील गवंड्याला, त्याची नोंदणी झाली आहे का, एवढे तरी आपण विचारावे. तो अर्ज भरून देण्यास आपली एक दुपार पुरते.