तळ्यातला गणपती, तळ्यावाचून

पुण्यात सारसबागेच्या गणपतीला जुनी माणसे अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, आणि परगावचा पाहुणा ‘तळे कोठे आहे?’ असे विचारू लागला की चहूकडच्या हिरवळीकडे हात करून गप्प बसतात. पर्वतीच्या पायथ्याचे ते तळे नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत झाले, त्याला आंबिल ओढ्याचे पाणी होते, आणि विसाव्या शतकात ते आटवून तेथे बाग फुलविण्यात आली. बाग रमणीय आहे. तिच्याविरुद्ध तक्रार करण्याची माझी छाती नाही. पण पावसाळ्यात फुगलेल्या ओढ्याने ज्या ठिकाणी घटकाभर टेकावे, अशी एक हक्काची जागा त्या दिवशी त्याच्या नावावरून उतरली, आणि त्या फेरफाराची नोंद कोणा दप्तरात झाली असेल असे वाटत नाही.

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. पेशव्यांनी त्यावर कात्रजला बंधारे घालून, जमिनीखालच्या बांधीव नळाने ते पाणी शहरातील हौदांपर्यंत खेळविले. म्हणजे ज्या प्रवाहावर एके काळी पुण्याची तहान भागत होती, तोच पुढे पुणेकरांच्या तोंडी प्रथम ‘नाला’ झाला आणि मग, भिंतींच्या आड दिसेनासा झाल्यावर, नुसते ‘गटार’. भाषेतली ही पदावनती मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण ओढ्याच्या काठी घर बांधताना माणूस दहा वेळा विचार करतो. गटाराच्या काठी तो भिंत बांधतो आणि निर्धास्त झोपतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या भिंती कोसळल्या. सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांत पाणी घरांत शिरले, मोटारी खेळण्यांसारख्या वाहून गेल्या, आणि शहर व परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली.

असा पूर कसा येतो, हे समजण्यास फारसे गणित लागत नाही. एका गुंठ्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे उन्हाळ्यात सोसायटीच्या दारी येणारा एक भरलेला टँकर. गुंठा माळरानाचा असो की पेव्हर ब्लॉक घातलेल्या अंगणाचा, आकाश दोघांनाही तेवढेच देते. फरक पडतो तो वेळेचा. माळावर काही पाणी मुरते, काही गवताच्या मुळांशी अडते, काही खळग्यांत साचते, आणि उरलेले रेंगाळत ओढ्याला जाऊन मिळते. गच्ची, डांबर आणि फरशी यांवरून मात्र सारेच्या सारे काही मिनिटांत खाली धावते. कात्रजपासून मुठा नदीपर्यंतच्या उतारावर असे हजारो टँकर एकाच क्षणी रिते व्हावेत, अशी व्यवस्था आपण मोठ्या खर्चाने केलेली आहे.

या रोगावर नगरपालिकांना सुचणारा पहिला इलाज म्हणजे मोठा नळ. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची रचना ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नळ वाढविणे प्राप्तच होते, यात वाद नाही. पण नळ कितीही वाढविला तरी तो पाणी पुढे ढकलतो, नाहीसे करीत नाही. आणि ओढ्याला दोन्ही बाजूंनी सरळसोट भिंती घातल्या म्हणजे वरच्या वस्तीचे संकट वाढीव वेगाने खालच्या वस्तीच्या हवाली होते, इतकेच.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे २ जुलै २०११ रोजी अवघ्या दोन तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. पुढच्याच वर्षी त्या शहराने अतिवृष्टीचा आराखडा मंजूर केला आणि सुमारे तीनशे कामांसाठी वीस वर्षांची मुदत ठरविली. त्यांतील एंगहावे उद्यानाचे काम मला विशेष भावते. जुने, नेहमीचे उद्यान. तेथे पूर्वी तळे भरून काढलेले नव्हते, की पेशवे नव्हते. त्यांनी त्या उद्यानाचे भाग खोलगट केले, कडेने बसण्याजोगा बुटका बांध घातला, आणि मोठ्या पावसात २२,६०० घनमीटर पाणी तेथे थांबेल अशी योजना केली. एरवी तेथे मुले खेळतात. आपण तळ्याची बाग केली. त्यांनी बागेला प्रसंगी तळे होण्याची मुभा ठेवली.

अर्थात परदेशची युक्ती जशीच्या तशी उचलता येत नाही. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी सावकाश मुरते आणि काळी माती एकदा चिंब झाली की हात आखडता घेते. म्हणून नुसत्या शोषखड्ड्यांवर विसंबण्यापेक्षा पाणी थांबविण्याच्या जागांवर आपला भर हवा. शिवाय कोणत्याही योजनेला मर्यादा असते. चीनमधील चंगचौ शहराने पाणी शोषणारे नगर उभारण्यावर विपुल द्रव्य खर्चिले होते. २० जुलै २०२१ रोजी तेथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला, आणि शहर बुडाले.

तरीही हिशेब मांडून पाहावा. एक एकराचे मैदान दोन फूट खोलगट केले तर त्यात सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी मावते. म्हणजे शंभर मिलिमीटरच्या पावसात सहा एकरांवर पडलेले सगळे पाणी त्यात थोपवून धरता येते. यासाठी भूसंपादन नको, की कोणाचे घर हलवायला नको. अडचण निराळीच आहे. मैदान उद्यान खात्याचे, शेजारचा रस्ता पथ खात्याचा, त्याखालचा नळ मलनिस्सारण खात्याचा, आणि पाऊस ओसरल्यावर मागे उरलेला गाळ कोणाचा, हे ठरविण्यासाठी एक समिती नेमावी लागेल. ‘मुलांनी खेळायचे कोठे?’ असा आक्षेपही निघेल. पण ज्या रात्री ओढा भिंती फोडतो त्या रात्री मैदानावर चेंडू घेऊन कोणी येत नाही. पाण्याने मात्र दोन दिवसांत वाट धरली पाहिजे, नाहीतर डास होतील. ते पाणी सोडण्याची चावी कोणत्या खात्याच्या शिपायाकडे राहील, एवढे अगोदर लिहून ठेवलेले बरे.