बुकिंगचा चेक लिहिण्याआधी

पाचगणी-वाईकडच्या घरांत एक विषय हमखास निघतो. मुलगा पुण्याला नोकरीला, फ्लॅट बुक करायचाय, आणि सुरुवातीच्या रकमेसाठी आईची एफडी मोडायची नाहीतर पाटल्या गहाण टाकायच्या. ब्रोशर देखणं, सॅम्पल फ्लॅट त्याहून देखणा. बिल्डरचं नावही मोठं. मग विचारायचं काय, असं वाटतं ना? पण मैत्रिणींनो, विचारायचं असतं.

डी. एस. कुलकर्णींची 'घराला घरपण देणारी माणसं' ही जाहिरात आपल्याला पाठ होती. त्या विश्वासावर कित्येकांनी निवृत्तीचे पैसेही त्यांच्याकडे ठेव म्हणून ठेवले. २०१७ मध्ये ठेवीदारांच्या तक्रारींवरून गुन्हा दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना अटक झाली. पैसे अडकलेल्यांत म्हातारी माणसं फार होती, हे जास्त लागतं.

डोंगरातल्या घराची हौस असणाऱ्यांनी लवासा आठवावं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने तिथलं काम थांबवायला लावलं. वर्षभराने अटींवर परवानगी मिळाली, पण काम थांबलं म्हणून कर्जाचं व्याज थोडंच थांबतं? २०१८ मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. आपली पाचगणीही जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात आहे. 'टेबललँडचा व्ह्यू' ऐकून भुलण्याआधी ती जमीन कोणत्या झोनमध्ये येते ते बघा. शेतीची किंवा हिरवी जागा असेल, तर 'एनए होईल हो' या शब्दाला काही किंमत नाही.

खरी मेख बिल्डरच्या पैशांच्या फिरवाफिरवीत असते. आपल्या हप्त्यांतून तो पुढची जमीन घेणार, ती गहाण ठेवून कर्ज काढणार, त्यातून मागची इमारत पुरी करणार. विक्री चालू आहे तोवर सगळं छान! सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली आणि मंदीची झळ आपल्याकडेही पोचली. गिऱ्हाईक थबकलं, बँकांनी हात आखडला आणि कितीतरी स्लॅब तसेच उघडे राहिले. त्या काळात '२० टक्के आता, बाकी ताब्याच्या वेळी' अशा स्कीम निघाल्या. ऐकायला गोड, पण बँक कर्जाची रक्कम आधीच बिल्डरला देऊन मोकळी होई आणि कर्ज मात्र आपल्या नावावर! शेवटी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की बांधकाम होईल तसेच पैसे द्या.

२०१७ पासून महारेरा आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. १० टक्क्यांहून जास्त रक्कम करार नोंदवल्याशिवाय घेता येत नाही. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नंबर टाकला की ताब्याची तारीख, कोर्टातले दावे, जमिनीवरचा बोजा असं सगळं समोर येतं. मुलाला बसवा मोबाइल घेऊन, दहा मिनिटांचं काम आहे. जमीन गहाण असेल तर त्या बँकेचं ना-हरकत पत्र मागा. 'अमुक बँकेची मान्यता' असा बोर्ड म्हणजे इमारत पुरी होण्याची हमी नव्हे.

आपल्यासारख्या गावांत अडचण वेगळीच. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठ फ्लॅटपर्यंतचा प्रकल्प रेरात नोंदवण्याची सक्ती नाही, आणि इकडच्या बऱ्याच इमारती तेवढ्याच असतात. तिथे ओळखीवर काम चालतं, 'आपलाच माणूस आहे' म्हणत. असू दे की आपलाच! सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि नोंदणीकृत करार एवढं हातात आल्याशिवाय मोठी रक्कम सोडू नका. रोखीत तर मुळीच नको, उद्या पुरावा कुठून आणणार?

आणि एफडी आईची मोडत असेल, तर करारात आईचंही नाव घाला. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पन्नास लाखांच्या फ्लॅटमागे ते पन्नास हजार होतात.