शेवटी चालू, आधी बंद!

घरी मिक्सर, क्रॉसओव्हर आणि दोन-तीन अँप्लिफायर जोडून भारी सेटअप केलाय? आणि सगळं एक्स्टेंशन बोर्डच्या एकाच बटणावर चालू करताय? मग स्पीकरमधून येणारा ‘धप्प’ आवाज तुमच्या ओळखीचा असणार. तो हसण्यावारी नेऊ नका.

मिक्सर किंवा क्रॉसओव्हर चालू-बंद होताना त्याच्या आउटपुटला क्षणभर झटका येतो. त्या वेळी अँप्लिफायर चालू असेल, तर तो हा झटका मोठा करून स्पीकरला देतो. वूफर एखाद वेळी सोसेल; ट्वीटरची कॉइल मात्र केसासारखी नाजूक. त्यात ट्वीटरला स्वतंत्र अँप्लिफायर लावला असेल, तर साध्या स्पीकर बॉक्समध्ये असतो तो झटका अडवणारा कपॅसिटरही बहुतेकदा मध्ये नसतो.

म्हणून क्रम पाळा. आधी व्हॉल्यूम शून्यावर. मग लॅपटॉप, मिक्सर, क्रॉसओव्हर आणि सगळ्यात शेवटी अँप्लिफायर. तेही एकेक करून, मध्ये पाच-दहा सेकंद जाऊ द्या. सगळे एकदम चालू केले, तर त्यांचे कपॅसिटर भरताना क्षणभर प्रचंड करंट ओढला जातो आणि एमसीबी पडू शकतो.

बंद करताना बरोबर उलट. आधी अँप्लिफायर, मग अर्धा मिनिट थांबा, त्यानंतर बाकीचं.

आणि मध्येच लाइट गेली तर? मेणबत्ती शोधण्याआधी अँप्लिफायरची बटणं बंद करा. नाहीतर लाइट आल्यावर सगळं एकदम चालू होईल, आणि ‘धप्प’नंतर कदाचित ट्वीटर कायमचा गप्प!