गुन्ह्याची गोष्ट कागदात असते

१९७६ च्या डिसेंबरात पुण्यातल्या आमच्या बिऱ्हाडाच्या दाराला आतून साखळी लागली. तोवर दिवसभर त्या दाराची कडीसुद्धा कुणी घालत नसे. वडिलांनी स्वतः स्क्रू पिळले. शेवटचा तिरका गेला आणि साखळी कायमची वाकडी बसली. भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात एका रात्रीत पाच माणसं मारली गेली होती. त्याच्या महिनाभर आधी विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरातली तीन. संध्याकाळी बेल वाजली की आई आधी खिडकीतून बघायची, मग नाव विचारायची आणि आवाज ओळखीचा वाटला तरच साखळी काढायची. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. गुन्ह्यांच्या खऱ्या गोष्टींचा माझा नाद त्या साखळीपासूनचा.

पुढे या खुनांसाठी अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी पकडले गेले, तेव्हा सगळं पुणं एकच प्रश्न विचारत होतं: चांगल्या घरातली ही मुलं अशी कशी निघाली? मला मात्र ती सापडली कशी, याचंच कुतूहल होतं. नदीत वर आलेल्या एका मृतदेहाच्या नायलॉनच्या दोरीला गाठी होत्या, आणि तसल्या गाठी आधीही दिसल्या होत्या, एवढंच कानावर आलेलं. मे १९७८ मध्ये खटला उभा राहिला. रोजची कामकाजाची बातमी कापून मी दोनशे पानी वहीत चिकटवत असे. माफीचा साक्षीदार, मुद्देमाल, उलटतपासणी हे शब्द मी त्या वहीत शिकले. त्या काळचा कोर्टाचा बातमीदार दिवसभर बाकावर बसून साक्ष ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी आपल्यापुढे ठेवायचा. सप्टेंबरात फाशीची शिक्षा झाली, नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फासावर दिलं. तोवर मी लघुलेखनाची परीक्षा देऊन कोर्टात नोकरीला लागले होते. एकतीस वर्षं साक्षी टिपल्या.

रहस्यकथांचं इथे फार सांगत बसत नाही. बाबूराव अर्नाळकर सगळ्यांनी वाचलेले आहेत, ‘धनंजय’चा दिवाळी अंक आमच्याही घरी यायचा. पण ते कल्पित. हिंदी मासिकांच्या भडक मुखपृष्ठांबद्दल न बोललेलंच बरं. दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ मी एकही भाग न चुकवता पाहिली, कारण तिच्यातले पोलीस दमलेले दिसायचे आणि तपास फोन, वही आणि पायपिटीने पुढे सरकायचा. नंतरच्या वाहिन्यांवर तपास मागे पडला आणि किंकाळ्या उरल्या.

‘दक्षता’ मासिकाला मात्र एवढ्यावर निरोप देता येत नाही. पोलीस खात्याचं मासिक म्हणून साहित्यिक मंडळींनी ते कधी हातात धरलं नाही, हा मी मराठी वाचनसंस्कृतीवरचा डाग समजते. तिथली भाषा पंचनाम्याची होती. दिशा, अंतर, वेळ, कपड्यांचा रंग, रक्ताचा डाग ओला की सुकलेला, सगळं जागच्या जागी. पंचनाम्याच्या मराठीला रूक्ष म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः एक खोली लिहून बघावी: चार भिंती, त्यातल्या वस्तू, कुठलं विशेषण नको, आणि वाचणाऱ्याला ती डोळ्यांपुढे दिसली पाहिजे. मी शेकडो पंचनामे टंकले. चांगला पंचनामा लिहिणारा हवालदार हा माझ्या लेखी गद्यलेखकच.

आता माझ्या आवडत्या खटल्याकडे येते. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये यात निकाल दिला. पुण्यातली एक सधन विधवा, मधुमेहाची रुग्ण. डॉक्टर लागू तिच्यावर उपचार करणारे, त्याच घरात राहणारे. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या तज्ज्ञाला दाखवायचं म्हणून ते तिला पुण्याहून पॅसेंजरने घेऊन निघाले. पहाटे बोरीबंदरला गाडी लागली तेव्हा ती बेशुद्ध होती. जी. टी. रुग्णालयात तिचं नाव खोटं लिहवलं गेलं. दुपार व्हायच्या आत ती गेली. रुग्णालयाने विचारणा केली, तेव्हा उत्तर गेलं की तिचा भाऊ कलकत्त्याहून येऊन मृतदेह ताब्यात घेईल. असा भाऊ नव्हताच. बेवारस म्हणून तो देह ग्रँट मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी गेला. तिथल्या एका शिपायाला तिच्या मानेवर खूण दिसली. त्याने ती वरिष्ठांना दाखवली, म्हणून शवविच्छेदन झालं. विष सापडलं नाही. इकडे नातेवाइकांना तिच्या नावाने पत्रं येऊ लागली: मी तीर्थयात्रेला गेले, पुन्हा लग्न केलं, जयपूरजवळ संसार थाटला, मला शोधू नका. त्याच काळात तिची मालमत्ता डॉक्टरांकडे सरकत होती.

विष सापडलेलं नसताना विषाने मारलं असं कसं म्हणायचं? न्यायालयाने एकेक दुवा हातात घेऊन तपासला. खोटं नाव, खोटा भाऊ, खोटी पत्रं. ज्याला मृत्यू माहीत आहे तोच माणूस मेलेल्या बाईला पत्रांतून जिवंत ठेवतो आहे. मधुमेहाची बेशुद्धी म्हणावी, तर लक्षणं जुळत नव्हती. फाशी कायम झाली. विष हाती लागलं नाही तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, हे सांगायला हा निकाल आजही कोर्टात उद्धृत होतो. मी तो किती वेळा वाचला याची मोजदाद नाही. दर वेळी त्या शिपायापाशी थांबते. रोज मृतदेह उचलणाऱ्या माणसाने एका बेवारस बाईच्या मानेकडे नीट पाहिलं.

गुन्ह्याच्या लेखनात खुन्याच्या मनाचा तळ गाठला पाहिजे, असा आग्रह धरणारी एक शाळा आपल्याकडे आहे. तिच्याशी माझं जुनं भांडण आहे. लागूंचं मन कुणाला कळलं? मन कळल्याचा आव आणला की लिहिणारा खुन्याच्या प्रेमात पडतो आणि मेलेलं माणूस पानावरून नाहीसं होतं. जोशी-अभ्यंकर प्रकरणातल्या आरोपींची नावं आजही लोकांना तोंडपाठ आहेत. मारल्या गेलेल्या दहा जणांची सलग सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

पॉडकास्ट मी उशिरा ऐकू लागले, पण आता रोज ऐकते. ‘इन द डार्क’च्या दुसऱ्या पर्वाने मला आठवडाभर दुसरं काही सुचू दिलं नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला कर्टिस फ्लॉवर्स, एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चाललेला. ती बातमीदार मंडळी तिथे जाऊन राहिली, कोर्टातल्या खोक्यांमधले कागद उपसले, सरकारी वकिलाने वर्षानुवर्षं कृष्णवर्णीय ज्यूरी कसे गाळले त्याची मोजणी केली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. आपल्या बाकावरच्या बातमीदारांचंच हे काम, फक्त कानांसाठी केलेलं.

मराठीत आज जे ऐकू येतं ते ऐकून जीव तुटतो. मागे थरथरतं संगीत, दोघांच्या गप्पा, मध्येच हशा आणि कुठून तरी वाचून काढलेली माहिती. एका भागात मी स्वतः टिपलेली साक्ष ऐकली. तीनच वाक्यं, तिन्ही उलटीपालटी. त्या साक्षीदार बाईंना बोलताना दर वाक्यानंतर पाणी लागत होतं, मी त्यांच्यासाठी हात थांबवून बसत होते. कागद आहेत हो! निकालपत्रं आज घरबसल्या मिळतात, आम्ही नकलेसाठी अर्ज करून आठवडे वाट पाहायचो. मानवतच्या खून प्रकरणावर मराठीत मालिका आली, कारण पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींनी आपला तपास लिहून ठेवला होता. न लिहिणारे किती अधिकारी तसेच निघून गेले.

माझी भाची हे सगळं ऐकणारी. गेल्या महिन्यात तिला म्हटलं, बस, मी लागूंचा निकाल मराठीत सांगते, तू रेकॉर्ड कर. संगीत नाही, रोज अर्धा तास. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “आत्या, त्या बाईंबरोबर गाडीत सामान काय होतं?” प्रश्न बरोबर होता. आम्ही दोघी पुन्हा पहिल्या पानावर गेलो. काल गाडी बोरीबंदरला पोचली. उद्या पत्रं.