मिठागरातले पक्षी आणि ऑटोफोकस

मुर्ध्याच्या मिठागरात शेकाट्या उथळ पाण्यात स्थिर उभा असेल, तर सिंगल ऑटोफोकस पुरतो. शटरचं बटण अर्धं दाबलं की कॅमेरा अंतर पकडतो आणि तिथेच थांबतो. पण लांब गुलाबी पाय मागे ताणून तो उडाला, की हे अंतर क्षणाक्षणाला बदलतं. तिथे कंटिन्युअसच हवा. बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत तो फोकस जुळवत राहतो. निकॉन, सोनीवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर सर्वो. निवड कॅमेऱ्यावर सोपवणारा ऑटो मोड उडत्या पक्ष्यासाठी मला भरवशाचा वाटत नाही. तिवरांच्या फांद्यांआड खंड्या बसला असेल, तर कॅमेरा बहुधा पुढची फांदीच पकडतो. अशा वेळी एकच फोकस बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा.