गाडीत रंगीत लायटिंग लावताय? आधी वायर कुठून घेतली जाते ते पाहा!

इन्स्टाग्रामवर गाड्यांचे रील्स पाहिले, की एक गोष्ट हमखास दिसते. रात्रीची वेळ, दार उघडतं आणि डॅशबोर्डच्या कडेने, सीटखालून, पायांपाशी निळा-जांभळा उजेड पसरतो. महागड्या गाड्यांमध्ये कंपनीच ही ‘अँबियंट लाइट’ देते. बाकीच्यांसाठी ॲक्सेसरीजच्या दुकानात आणि ऑनलाइन, काहीशे रुपयांपासून एलईडी पट्ट्यांचे किट मिळतात.

पट्टी चिकटवणं सोपं आहे. खरा प्रश्न तिला वीज कुठून द्यायची हा आहे, कारण इथे चूक झाली तर सकाळी गाडी सुरू न होण्यापासून ते गाडीला आग लागण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

‘१२ व्होल्ट तर आहेत, काय होणार?’

हा सगळ्यात मोठा गैरसमज. घरातल्या २३० व्होल्टचा शॉक जीवघेणा असतो, गाडीच्या १२ व्होल्टचा सहसा जाणवतही नाही. त्यामुळे गाडीची वायरिंग निरुपद्रवी वाटते. पण आग व्होल्टेजवर नाही, वायरमधून जाणाऱ्या करंटवर ठरते.

एक साधा हिशेब पाहा. ४२ वॉटचा दिवा घरात २३० व्होल्टवर लावला, तर त्याला ०.२ अँपिअरपेक्षाही कमी करंट लागतो. तेवढ्याच वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टवर ३.५ अँपिअर लागतात. म्हणजे काम तेवढंच, पण वायरवरचा भार जवळपास १९ पट!

शिवाय गाडीची बॅटरी इंजिनाचा स्टार्टर फिरवण्यासाठी बनवलेली असते. त्यासाठी ती क्षणात शंभराहून जास्त अँपिअर देते. एलईडीची दोऱ्यासारखी बारीक वायर कुठे घासली आणि आतली तार गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरी तोच जोर त्या वायरवर लावते. काही सेकंदांत वायर हिटरच्या कॉइलसारखी तापते आणि तिच्या शेजारी असतात सीटचा फोम, कार्पेट आणि प्लास्टिक.

फ्यूज दिव्यासाठी नसतो

फ्यूज एलईडी वाचवतो असं अनेकांना वाटतं. खरं तर तो वायर वाचवतो. वायर तापण्याआधी फ्यूज वितळला पाहिजे, एवढंच त्याचं काम. म्हणून दोन नियम पक्के लक्षात ठेवा.

पहिला: फ्यूज जिथून वीज घेतली त्याच्या अगदी जवळ हवा. दिव्यापाशी लावला, तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते.

दुसरा: फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा लहान हवा. किट १ अँपिअर घेत असेल, तर २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज सारखा उडतोय म्हणून १५ अँपिअरचा टाकणं, म्हणजे धोक्याची घंटा वाजते म्हणून घंटाच काढून टाकणं.

किटवर लिहिलेला आकडा का फसवतो?

बाजारात ‘५०५०’ नावाची एलईडी पट्टी सर्रास मिळते. मीटरला ६० एलईडी असलेली ही पट्टी पूर्ण उजेडात मीटरमागे सुमारे १४ वॉट घेते. तीन मीटर लावली, की झाले ४२ वॉट.

पण हा आकडा बरोबर १२ व्होल्टचा आहे. इंजिन चालू असताना आल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो, तेव्हा गाडीत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. फरक किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत असतात आणि पांढऱ्या किंवा निळ्या रंगाचे तीन एलईडी मिळून साधारण साडेनऊ व्होल्ट घेतात. उरलेले अडीच व्होल्ट शेजारच्या रेझिस्टरवर पडतात आणि करंट किती वाहायचा ते तोच ठरवतो. व्होल्टेज १४.४ झालं, की रेझिस्टरवर पाचच्या आसपास व्होल्ट येतात. म्हणजे करंट जवळपास दुप्पट!

स्वस्त पट्ट्या काही महिन्यांत काळवंडतात किंवा लुकलुकायला लागतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणून गाडीसाठीच बनवलेलं किट घ्या, घराच्या पीओपी सीलिंगची पट्टी नको. आणि करंट मोजायचा तर इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरने मोजा.

वीज नेमकी कुठून घ्यायची?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये किंवा यूएसबीमध्ये लागणारं किट. एकही वायर कापावी लागत नाही, नको तेव्हा प्लग काढला की विषय संपला.

वायर लपवायची असेल, तर फ्यूज बॉक्समधून ‘फ्यूज टॅप’ लावून वीज घेता येते. या छोट्या जोडणीत दोन फ्यूज बसतात, एक मूळ सर्किटचा आणि एक नव्या वायरचा. टॅप उलटा बसला, तर नव्या दिव्यांचा भारही जुन्या फ्यूजवर येतो, त्यामुळे कोणत्या बाजूला वीज येते ते टेस्टरने तपासावं लागतं. टॅपसाठी चार्जिंग सॉकेट किंवा म्युझिक सिस्टीमसारखं साधं सर्किट निवडतात. एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग किंवा इंजिनाच्या कंप्युटरच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

छताच्या दिव्याची वायर तासून त्यात जोड देणं ही जुनी पद्धत. आताच्या बऱ्याच गाड्यांमध्ये तो दिवा थेट स्विचवर नसून बॉडी कंट्रोल मोड्युल नावाच्या कंप्युटरवर चालतो. दार लावल्यावर उजेड हळूहळू मंद होतो, तो त्यामुळेच. हे सर्किट छोट्या बल्बच्या भारासाठी बनलेलं असतं. त्यावर तीन मीटर पट्टी लादली आणि मोड्युल बिघडलं, तर खर्च किटच्या कितीतरी पट होतो.

दुसरी वायर म्हणजे अर्थ. ती गाडीच्या धातूच्या बॉडीला, रंग नसलेल्या जागी बोल्टखाली घट्ट हवी. रंगावर किंवा गंजलेल्या स्क्रूवर अर्थ दिला, की दिवे लुकलुकतात आणि तो जोड तापतो.

रात्रीत बॅटरी कशी उतरते?

गाडीत काही फ्यूजना कायम वीज असते, काहींना चावी फिरवल्यावरच मिळते. दिवे नेहमी दुसऱ्या प्रकारावर हवेत. लहान किट अर्धा अँपिअर घेतं असं धरू. शुक्रवारी रात्री ते चालू राहिलं, तर रविवारी रात्रीपर्यंत ४८ तासांत २४ अँपिअर-अवर खर्च होतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरीच ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना फक्त ‘टक टक’ आवाज येणार.

दिवे बंद असले तरी रिमोटची किंवा ब्लूटूथची वाट पाहणारा कंट्रोलर थोडी वीज खातच असतो. महिनाभर गावी जाणार असाल, तर हाही खर्च मोजावा लागतो.

या तीन जागा सांभाळा

विंडशील्डच्या दोन्ही बाजूंचे खांब ही पहिली. अनेक गाड्यांमध्ये त्या कव्हरच्या आत कर्टन एअरबॅग असते. ती उघडण्याच्या वाटेवर वायर आडवी गेली, तर अपघातात एअरबॅग नीट उघडेलच याची खात्री राहत नाही. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर सहसा पिवळे असतात. पिवळं दिसलं, की हात मागे घ्या.

दुसरी जागा ड्रायव्हरच्या पायांपाशी. तिथली पट्टी निव्वळ चिकटपट्टीवर ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे तापू शकतो. त्या उष्णतेत गोंद सुटतो आणि लोंबणारी वायर ब्रेक पेडलमध्ये अडकू शकते. म्हणून प्लास्टिकच्या टायने ती घट्ट बांधावी लागते. वायर पिळून काळी टेप गुंडाळलेले जोडही याच उष्णतेत उघडे पडतात. सोल्डर किंवा क्रिंप करून वर हीट श्रिंक नळी चढवलेली बरी.

तिसरी जागा म्हणजे सीटचे रूळ. सीट पुढे-मागे करताना खालची वायर रोज थोडी थोडी कापली जाते. शॉर्ट सर्किट मग सहा महिन्यांनी होतं.

वॉरंटी आणि विमा

बाहेरून वायर कापून केलेल्या जोडणीमुळे बिघाड झाल्याचं दिसलं, तर कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते. गाडीला आग लागली, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी कारण शोधतो आणि बाहेरची वायरिंग सापडली तर दावा अडकू शकतो. बिल जपून ठेवा आणि लायटिंग केल्याचं विमा कंपनीला कळवा.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. वीज कोणत्या फ्यूजवरून घेणार?
२. नव्या वायरला वेगळा फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे लावणार?
३. चावी काढल्यावर दिवे आणि कंट्रोलर पूर्ण बंद होतील का?
४. मूळ वायर कापणार का?
५. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढणार का?

‘साहेब, काही होत नाही, रोज चार गाड्या करतो’ एवढंच उत्तर मिळालं, तर पुढच्या दुकानात जा. आणि काम उत्तम झालं, तरी रात्री गाडी चालवताना उजेड अगदी मंद ठेवा. आतला झगझगीत निळा प्रकाश काचेवर परावर्तित होतो आणि अंधारातून रस्ता ओलांडणारा माणूस दिसायला उशीर होतो.